रक्तात फिरणारी प्रतिरक्षा संकुले

प्रतिजन (शरीराला परके वाटणारे द्रव्य) आणि त्याला चिकटलेली प्रतिपिंडे (त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने) यांचा गुच्छ म्हणजे प्रतिरक्षा संकुल; डॉक्टरांच्या बोलण्यात इम्यून कॉम्प्लेक्स. निरोगी शरीरातही अशी संकुले सतत तयार होतात. तांबड्या पेशी ती आपल्या सीआर-१ या ग्राहीवर (पृष्ठभागावरच्या पकड-प्रथिनावर) उचलून यकृत-प्लीहेपर्यंत नेतात आणि तिथल्या भक्षक पेशी ती गिळतात. संकुले फार झाली की काही या सफाईतून निसटतात आणि सांध्याच्या अस्तरात, मूत्रपिंडाच्या गाळणीत, बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत रुतून बसतात. तिथे प्रतिपिंडांना साथ देणारी रक्तातली पूरक प्रथिने जागी होतात, पांढऱ्या पेशी जमतात आणि सूज येते.

संकुलांमुळे होणाऱ्या अशा आजाराची ओळख मुलांमुळेच पटली. व्हिएन्नात घोड्याचे रक्तजल (रक्त गोठल्यावर उरणारा पातळ भाग, सीरम) टोचलेल्या मुलांना आठ-दहा दिवसांनी ताप, अंगावर गांधी आणि सांधेदुखी होई. क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी १९०५ मध्ये त्याचे वर्णन ‘सीरम सिकनेस’ म्हणून केले. सर्पदंशावर घोड्याच्या रक्तापासून केलेले प्रतिविष दिल्यावर आजही असा त्रास होऊ शकतो.

सोळा वर्षांच्या आत सुरू होऊन सहा आठवड्यांहून जास्त टिकणारा, दुसरे कारण न सापडणारा संधिवात म्हणजे बालसंधिवात. मूल सकाळी लंगडत उठते, पायरी उतरायला रडते आणि दुपारी अंगणात खेळताना दिसते. म्हणून घरच्यांना ते नाटक वाटते. ते नाटक नसते. यातल्या काही प्रकारांत रक्तात संकुले वाढलेली आढळतात. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर हे तर प्रतिपिंडावरच बसणारे प्रतिपिंड. बहुतेक मुलांत त्याची नेहमीची चाचणी निगेटिव्ह येते, पण काहींमध्ये तो संकुलात दडलेला असतो आणि आम्लाने संकुल फोडल्यावरच सापडतो.

एचआयव्हीतही अशीच लपवाछपवी आहे. या संसर्गात प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी अतोनात चेतवल्या जाऊन प्रतिपिंडे आणि त्यांच्यासोबत संकुले वाढतात. बाधित आईची प्रतिपिंडे वारेतून बाळात उतरतात, म्हणून अठरा महिन्यांपर्यंत प्रतिपिंड चाचणी पॉझिटिव्ह आली तरी बाळ बाधित आहे असे म्हणता येत नाही. विषाणूचे पी-२४ प्रथिन शोधावे, तर तेही याच प्रतिपिंडांनी झाकलेले. त्यासाठी रक्तजलाला आम्ल किंवा उष्णता देऊन संकुले सोडवण्याची पद्धत निघाली. आता भारतात बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब कागदावर वाळवून पीसीआर या जनुकद्रव्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या चाचणीने विषाणूचे जनुकद्रव्यच शोधतात.

संकुले मोजण्याची एक जुनी, सोपी रीत म्हणजे रक्तजलात पॉलिएथिलीन ग्लायकॉल घालून ते रात्रभर थंड ठेवणे. संकुले खाली बसतात आणि नळी गढूळ होते. पण वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. केवळ वाढलेल्या आकड्यावरून निदान करणे चूकच, कारण संकुले बालसंधिवातात आणि एचआयव्हीत दोन्हीकडे वाढू शकतात आणि एचआयव्हीबाधित मुलांचेही सांधे सुजू शकतात. गुडघा सुजलेल्या मुलात एचआयव्हीची शंका असेल, तर ती संकुलांच्या आकड्याने फिटत नाही. त्यासाठी एचआयव्हीचीच चाचणी लागते.