दिवस गेले म्हणून गोळी बंद?

दिवस गेल्याचं कळलं की कोकणातल्या घरात पथ्यं सुरू होतात. पपई बंद, अननस बंद, विहिरीवरून हंडे आणणं बंद. नैराश्यावरची गोळी सुरू असेल तर तीही त्याच दिवशी बंद. कधी सासू सांगते, कधी मुंबईहून नवरा फोनवर सांगतो, पुष्कळदा ती बाई स्वतःच गोळ्यांचं पाकीट कपाटात साड्यांमागे सारते. डॉक्टरांना विचारायचं राहूनच जातं. मला गोळीपेक्षा या घाईची जास्त भीती वाटते.

गोळी बाळापर्यंत पोचते, हे खरं. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन ही औषधं वार ओलांडून जातात. पण अपाय किती? कुठलंही औषध न घेणाऱ्या आयांच्याही शंभरातल्या दोन-तीन बाळांत काहीतरी जन्मजात दोष असतोच. याच गटातल्या पॅरॉक्सेटिन या औषधाबद्दल २००५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयदोषाचा इशारा दिला होता. त्यामुळे गरोदरपणात ते नव्याने सुरू करणं आजही डॉक्टर सहसा टाळतात. पुढे २०१४ मध्ये अमेरिकेतल्याच सुमारे साडेनऊ लाख गरोदर स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. आईचा आजार किती तीव्र होता हे हिशेबात धरल्यावर, या गोळ्यांमुळे हृदयदोष लक्षणीय वाढल्याचं दिसलं नाही.

शेवटच्या महिन्यांतल्या गोळीचा आणखी एक धोका सांगतात, बाळाच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दाब वाढून राहण्याचा. हा आजार गंभीर आहे. एरवी तो हजारात साधारण दोन बाळांना होतो, गोळी घेणाऱ्यांत तीन. 'धोका दीडपट' म्हटलं की पोटात गोळा येतो, पण हजारांमागे एक जास्त, हेही त्याच आकड्याचं रूप आहे.

नेहमी दिसतो तो त्रास याहून सौम्य. जवळपास तिसऱ्या हिश्श्याच्या बाळांचे हात पहिले काही दिवस थरथरतात, रडं थांबत नाही, पिताना दम लागतो. बहुतेकांचं दोन आठवड्यांत आपोआप निवळतं, पण तोवर लक्ष ठेवायला बालरोगतज्ज्ञ जवळ हवेत. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी येते, डॉक्टर बदलतात आणि नव्या फाइलवर या गोळीची नोंदच नसते. ती करून घ्याच. बाळंतपणानंतरचा रक्तस्रावही या गोळ्यांनी किंचित वाढू शकतो, तेव्हा प्रसूती करणाऱ्यांना माहीत असलेलं बरं.

आता गोळी सोडल्यावर काय होतं ते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पूर्वी वारंवार नैराश्य आलेल्या गरोदर स्त्रियांपैकी औषध थांबवणाऱ्या ६८ टक्के जणींना ते पुन्हा आलं. चालू ठेवणाऱ्यांत २६ टक्के. त्या जुन्या, तीव्र आजाराच्या रुग्ण होत्या, सगळ्यांना हा आकडा लागू नाही. आजार सौम्य असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू मात्रा उतरवून समुपदेशनावर भागतंही. पण तीव्र नैराश्यातली बाई जेवत नाही, तपासणीला जात नाही, जीव नकोसा झालेला कुणाला सांगत नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं होण्याची शक्यता वाढते. गोव्यात म्हापशाला २००२ च्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी २३ टक्के आया नैराश्यात आढळल्या. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी, ही त्यातली ठळक कारणं. हे सगळं गोळीच्या माथी कसं मारणार?

एका औषधाची गोष्ट मात्र अगदी वेगळी. मूडच्या आजारावर किंवा फिट्सवर दिलं जाणारं सोडियम व्हॅल्प्रोएट. त्याने दहातल्या एका बाळात मोठा दोष येतो आणि पुढे बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होतो. ते चालू असेल तर मूल होऊ देण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. दिवस गेलेलेच असतील तर त्याच दिवशी गाठावं, पण मनाने थांबवू नये.

बाळंतपणानंतर गोळी आहे म्हणून अंगावरचं तोडायचीही गरज सहसा नसते; सर्ट्रालिन दुधात फारच थोडं उतरतं. तालुक्याला मनोविकारतज्ज्ञ नसतील तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं, रात्रीसुद्धा.