जपानी युद्धकैद्यांचे जबाब वाचायचे आहेत? पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

दुसऱ्या महायुद्धात पकडलेल्या जपानी सैनिकांकडून दोस्त राष्ट्रांनी घेतलेले जबाब आज कुणालाही वाचता येतात. त्यासाठी प्राध्यापक असावे लागत नाही, विद्यापीठाचे शिफारसपत्रही लागत नाही.

मोठा साठा अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या इमारतीत आहे. वयाची १४ वर्षे पूर्ण असली की संशोधक कार्ड मिळते, नागरिकत्व कोणतेही असो. फोटो असलेले सरकारी ओळखपत्र हवे. आपण मूळ पासपोर्टच न्यावा. अर्ज भरून नियमांची छोटी ओळख पूर्ण केली की कार्ड हाती येते. शुल्क नाही, मुदत एक वर्ष. वाचनकक्षात पेन आणि पिशवी नेता येत नाही. फ्लॅश न वापरता फोटो मात्र काढता येतात.

अडते ते मागणीपत्र भरताना. तिथे नोंदसमूहाचा (रेकॉर्ड ग्रुप, म्हणजे एका खात्याच्या कागदपत्रांचा गट) क्रमांक लागतो. कॅलिफोर्नियातल्या कॅम्प ट्रेसी या गुप्त चौकशी केंद्रातले जबाब १६५ मध्ये आहेत, युद्ध माहिती कार्यालयाचे २०८ मध्ये.

कैद्याच्या नावावरून शोधायला जाऊ नका. जपानी सैन्यात जिवंत पकडले जाणे हा घराण्याला कलंक मानत, म्हणून अनेकांनी खोटी नावे सांगितली. सैनिक पकडला जाईल हेच सैन्याला मान्य नसल्याने कैदेत काय बोलू नये, हेही बहुतेकांना कुणी शिकवले नव्हते. त्यामुळे नाव लपवणारा माणूस तुकडीची हालचाल मात्र मोकळेपणाने सांगून जाई. तुकडी, ठिकाण आणि पकडल्याची तारीख यांवरून शोधा.

२०८ मधला अहवाल क्रमांक ४९ जरूर मागवा. ऑगस्ट १९४४ मध्ये ब्रह्मदेशातले मिचिना पडल्यावर सापडलेल्या २० कोरियन स्त्रियांची चौकशी आपल्या आसामातल्या लेडो इथे झाली. जपानी सैन्याने त्यांना नोकरीच्या खोट्या आमिषाने लष्करी कुंटणखान्यात नेले होते. अहवालात त्यांच्यापेक्षा लिहिणाराच जास्त ऐकू येतो, हे लक्षात ठेवून वाचा. मला तो वाचताना फार त्रास झाला.

अमेरिकेला जाणे जमत नसेल, तर कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलच्या संकेतस्थळावर ‘एडब्ल्यूएम ५५’ ही मालिका उघडा. सप्टेंबर १९४२ मध्ये ब्रिस्बेनला उभारलेल्या दोस्त सैन्याच्या भाषांतर आणि दुभाषी विभागाचे अहवाल तिथे घरबसल्या वाचता येतात. त्यासाठी कार्डही लागत नाही.