वृत्तपत्रीय कलासमीक्षा (खान्देश)

नाटक, चित्रप्रदर्शन, मैफल किंवा लोककलेचा प्रयोग प्रत्यक्ष पाहून त्याविषयी स्थानिक दैनिकात वा साप्ताहिकात केलेले जाणते लेखन. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत अशा लेखनाची गरज मुंबई-पुण्यापेक्षा जास्त. इथे कलादालने मोजकी, कलेला वाहिलेली नियतकालिके त्याहून कमी; गावात झालेल्या प्रयोगावर चार शब्द छापून आले तर ते वर्तमानपत्रातच. पाने आणि माणसे कमी करायची वेळ आली तेव्हा मात्र पहिली कात्री याच मजकुराला लागली.

छापील अक्षराने कलावंताला उभे करण्याची खान्देशची परंपरा जुनी आहे. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये जळगावहून ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेसाठीचे मासिक सुरू केले. ते १९३५ पर्यंत चालले. केशवसुतांच्या कविता त्यात आल्या. १९०७ मध्ये जळगावलाच कविसंमेलन भरले आणि धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सतराएक वर्षांच्या मुलाला अध्यक्ष कीर्तिकरांनी ‘बालकवी’ म्हटले. जिल्ह्याच्या ठिकाणी कविता छापणारा आणि कविता पारखणारा माणूस होता, म्हणून हे घडले. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींचेही तसेच. त्यांच्या ओव्या मुलगा सोपानदेव यांनी जपल्या. पण त्या महाराष्ट्रासमोर यायला आचार्य अत्रे यांच्यासारख्या कसलेल्या संपादकाची नजर पडावी लागली. संग्रह १९५२ मध्ये निघाला, तोवर बहिणाबाई गेल्या होत्या.

चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) हे या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, प्रकाश साधून त्यांतून अख्खे निसर्गदृश्य भासवणारी ‘टेबलटॉप’ छायाचित्रे हे त्यांचे खास काम. ते घर सोडून क्वचितच बाहेर पडले. अशा कलावंताकडे लोकांनी जायचे, तर आधी कुणीतरी जाऊन, पाहून, लिहावे लागते. मूस यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले, पण त्यातला मोठा वाटा त्यांच्या एकांतवासाच्या कहाण्यांचा. छायाचित्रातली सावली कुठून येते, पीठ बर्फासारखे का दिसते, हे सांगणारे लेखन फार थोडे. समीक्षकाची उणीव नेमकी इथे जाणवते. याच जळगाव जिल्ह्यात जन्मलेले द. ग. गोडसे (१९१४–१९९२) नेपथ्यकार आणि कलामीमांसक म्हणून मराठीत मोठे झाले, पण त्यांचे कार्यक्षेत्र खान्देशाबाहेरचे.

जिल्हा दैनिकांतली समीक्षा खऱ्या अर्थाने बहरली ती राज्य नाट्य स्पर्धेभोवती. प्राथमिक फेरीच्या दिवसांत रात्री पडदा पडायचा आणि समीक्षक तिथूनच लिहायला बसायचा. हा बहुधा एखादा प्राध्यापक, वकील किंवा जुना नट. मानधन नावापुरते. दुसऱ्या दिवशी सकाळी नेपथ्य अडचणीचे झाले, दुसऱ्या अंकात प्रकाशयोजनेने घात केला, अमुक मुलीचे उच्चार स्वच्छ होते, असे सारे नावानिशी छापलेले असायचे. कलाकार दुखावत, भांडायला येत. पण पुढच्या वर्षी तो अंक सुधारून येई. स्पर्धेच्या काळात असे परीक्षण आजही कुठे कुठे छापले जाते. वर्षाचे उरलेले महिने कोरडे जातात.

ऱ्हासाची कारणे कलेपेक्षा हिशेबाची आहेत. अंकाच्या किमतीतून छपाईचा खर्च निघत नाही, तो जाहिरातीतून निघतो. जाहिराती मोबाइलकडे वळल्या आणि पाने उतरली. २०१९ मध्ये आयात न्यूजप्रिंटवर (वर्तमानपत्राच्या कागदावर) १० टक्के सीमाशुल्क लागले, पुढच्या वर्षी ते ५ टक्क्यांवर आले. तोच करोनाच्या टाळेबंदीत अंकांचे वाटपच बंद पडले. पुरवण्या तेव्हा गेल्या, त्यातल्या कित्येक परत आल्या नाहीत. अमेरिकेत हीच घसरण आधी झाली: छोट्या जाहिराती इंटरनेटवर गेल्या, वृत्तपत्रांतल्या समीक्षकांच्या जागा रद्द होत गेल्या आणि न्यू यॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या समीक्षेसाठी नावाजलेल्या साप्ताहिकाचा छापील अंक २०१७ मध्ये थांबला.

समीक्षेच्या जागी आता प्रेसनोट येते. प्रदर्शनाची बातमी दीपप्रज्वलनाने सुरू होते, मान्यवरांच्या नावांत निम्मी संपते, सूत्रसंचालन आणि आभार यांवर थांबते. सोबत फीत कापतानाचा फोटो. भिंतीवर कोणती चित्रे होती, जलरंग की तैलरंग, हे त्यात नसते. दोष वार्ताहराचा नाही. तालुक्याच्या वार्ताहराकडून बातमीइतकीच वर्धापनदिनाच्या जाहिरातींचीही अपेक्षा असते. चित्रापुढे तासभर उभे राहण्याचे पैसे त्याला कुणी देत नाही.

याचा सर्वाधिक तोटा सातपुड्यातल्या कलांना झाला आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी या गावच्या राजवाडी होळीचे रंगीत छायाचित्र दरवर्षी छापले जाते: नाचणाऱ्यांच्या डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू आणि भोपळे, अंगभर ठिपके. पण तो टोप कोण बांधतो, ठिपक्यांची मांडणी कशी ठरते, ढोलाचा ठेका पहाटेपर्यंत कसा बदलत जातो, यावर ओळ नसते. वहीगायन हा खान्देशी लोकगायनाचा प्रकार आणि कानबाई या लोकदेवतेची गाणी यांचेही तेच. त्यांना ‘परंपरा’ म्हणून गौरवले जाते. यंदा कोण चांगले गायले, हे कुणी सांगत नाही. ज्या कलेत बरे-वाईट निवडले जात नाही तिला कला म्हणून मान दिला, असे म्हणता येणार नाही.

फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर आज नाटकांविषयी भरपूर लिहिले जाते, त्यातले काही कसदार असते. मात्र ते नाटकवाल्यांपर्यंतच पोहोचते. सावद्या-रावेरचा शेतकरी केळीचे भाव पाहायला अंक उघडायचा आणि त्याच पानाच्या खालच्या कोपऱ्यातले नाट्यपरीक्षण सहज वाचून जायचा. तो वाचक समीक्षेला अन्य कुठल्याही माध्यमाने अद्याप मिळवून दिलेला नाही.