अंदमान बेटे

अंदमान हा बंगालचा उपसागर व अंदमान समुद्र यांच्या दरम्यान उत्तर-दक्षिण पसरलेला भारताचा द्वीपसमूह आहे. म्यानमारमधील आराकान योमा पर्वतरांगेचा समुद्रात बुडालेला विस्तार पाण्याबाहेर जेथे डोकावतो, तेथे ही बेटे तयार झाली आहेत. उत्तर अंदमानमधील सॅडल पीक (सुमारे ७३० मी.) हे त्यांतील सर्वोच्च शिखर असून दक्षिणेस टेन डिग्री चॅनल हा सुमारे १५० किमी. रुंदीचा सागरपट्टा त्यांना निकोबारपासून वेगळे करतो. मुख्य ठाणे पोर्ट ब्लेअर असून २०२४ मध्ये त्याचे नाव ‘श्री विजय पुरम’ असे ठेवण्यात आले. प्रस्तुत नोंदीत इतिहासाच्या संदर्भात जुनीच नावे वापरली आहेत.

‘अंदमान’ या नावाची व्युत्पत्ती निश्चित झालेली नाही. इ. स. दुसऱ्या शतकातील भूगोलज्ञ टॉलेमीच्या ग्रंथात ‘सुदैवी आत्म्याचे बेट’ अशा अर्थाचे एक ग्रीक नाव येते. काही अभ्यासकांनी ते अंदमानला लावले, तर काहींनी निकोबारला. मात्र टॉलेमीने दिलेली या भागातील स्थाने एकूणच सैल असल्याने त्यावर फारसा भार देता येत नाही. नवव्या शतकाच्या मध्यास रचलेल्या अरबी प्रवासवृत्तांतात मात्र निकोबारच्या पलीकडील दोन बेटांच्या संदर्भात ‘अंदामान’ हे रूप स्पष्टपणे आढळते. मार्को पोलोच्या वृत्तांतातील ‘अंगमानैन’ हे त्याच नावाचे अरबी द्विवचनी रूप असावे, असे त्या वृत्तांताचे इंग्रजी भाषांतरकार हेन्री यूल यांनी सुचविले. अंदमानचे चीफ कमिशनर राहिलेले रिचर्ड टेम्पल यांनी मलायी परंपरेतील हनुमानाचे ‘हंडुमान’ हे रूप पुढे केले. भारतीय वाचकाला हे मत साहजिकच जवळचे वाटते आणि पर्यटकांना तेच बहुधा सांगितले जाते. तथापि ‘हंडुमान’पासून अरबी रूपापर्यंतचा प्रवास दाखविणारा लेखी दुवा पुढे मांडला गेलेला नाही, त्यामुळे अरबी रूप हाच सर्वांत जुना भक्कम आधार धरणे अधिक सुरक्षित ठरते. निकोबार या नावाची स्थिती याहून बरी आहे, कारण राजेंद्र चोळाच्या तंजावर येथील लेखातील ‘नक्कवारम्’ म्हणजे निकोबार, याविषयी सामान्यतः एकमत आहे.

येथील मूळ रहिवासी ग्रेट अंदमानी, ओंगी, जारवा व सेंटिनेली यांच्या स्वतःच्या लेखी नोंदी नाहीत. त्यांचे राखीव प्रदेश पर्यटकांना बंद आहेत. जारवांच्या जंगलातून जाणाऱ्या मार्गावर वाहने ताफ्यानेच सोडतात व छायाचित्रणास मनाई आहे. हे नियम पाळले जाणे त्या लोकांच्या अस्तित्वाच्या दृष्टीने अत्यावश्यक आहे.

लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर यांच्या पाहणीनंतर १७८९ मध्ये स्थापन झालेली पहिली वसाहत रोगराईमुळे १७९६ मध्ये सोडून द्यावी लागली. १८५७ च्या उठावातील बंदिवानांची पहिली तुकडी मार्च १८५८ मध्ये उतरली आणि ‘काळे पाणी’ या शब्दाला मराठीत आज जो अर्थ आहे, तो तेथून पुढे दृढ झाला. तो उठाव मोडून काढणाऱ्या हॅवलॉक व नील या अधिकाऱ्यांची नावे येथील दोन बेटांना दिली गेली आणि ती २०१८ पर्यंत टिकली. आता त्यांना अनुक्रमे स्वराज द्वीप व शहीद द्वीप म्हणतात.

सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधण्यात आला. मधल्या मनोऱ्यापासून फुटलेल्या सात तिमजली इमारतींपैकी आज तीन उभ्या आहेत. प्रत्येक ओळीच्या कोठड्यांसमोर पुढच्या इमारतीची पाठ येत असल्याने एका बंदिवानाला दुसऱ्याचा चेहरा दिसत नसे. कोठडीच्या दाराचा लांब लोखंडी अडसर भिंतीत बाजूला कोरलेल्या खोबणीत जाऊन बसतो, गजांतून हात बाहेर काढला तरी तेथवर पोहोचत नाही. कोलूला (तेलाच्या घाण्याला) जुंपलेल्या बंदिवानाने दिवसाला तीस पौंड खोबरेल काढावे, असा दंडक होता. मराठी प्रवासी येथे प्रामुख्याने येतात ते विनायक दामोदर सावरकर यांच्या कोठडीसाठी. ते १९११ ते १९२१ या काळात येथे होते व थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीच येथे आणले गेले होते. १९३३ च्या अन्नसत्याग्रहात प्राण गमावलेले महावीर सिंग, मोहित मोइत्रा व मोहन किशोर नमोदास यांच्या स्मृतीपुढेही तितक्याच आदराने थांबले पाहिजे. १९७९ मध्ये जेल राष्ट्रीय स्मारक घोषित झाला. समोरचे रॉस बेट (नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) प्रशासनाचे जुने केंद्र होते. तेथील चर्च व बंगल्यांच्या भिंती आता वडाच्या मुळांनी आवळल्या आहेत.

पुळणींमध्ये स्वराज द्वीपावरील राधानगर सर्वाधिक प्रसिद्ध आहे. पश्चिमाभिमुख असल्याने तेथे सूर्यास्त पाहता येतो आणि समुद्री महुआचे उंच वृक्ष थेट वाळूपर्यंत उतरतात. शहीद द्वीपावरील सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर ही नावे फाळणीनंतर आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वस्त्यांची आहेत, तर दक्षिण अंदमानातील वंडूर, मंजेरी, कालिकत या गावांनी १९२१ च्या मलबारमधील उठावानंतर बंदिवान म्हणून आणलेल्या मोपल्यांचा (केरळी मुसलमानांचा) मलबार जपला आहे.

वंडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ मध्ये स्थापन झाले. त्यातील जॉली बॉय व रेड स्किन ही बेटे आळीपाळीने उघडी ठेवतात व तेथे प्लॅस्टिक नेता येत नाही. काचतळाच्या बोटीतून दिसणारा पांढरा फटक प्रवाळ सुंदर वाटला तरी तो बहुधा मेलेला किंवा मरणपंथाला लागलेला असतो. पाणी तापले की प्रवाळ आपल्यातील रंगीत शैवाल बाहेर टाकतो, आणि २०१० मध्ये येथे हे मोठ्या प्रमाणावर घडले. त्याआधी २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तरेकडील काही प्रवाळभित्ती वर उचलल्या जाऊन उघड्या पडल्या व मेल्या, तर पोर्ट ब्लेअरजवळची जमीन सुमारे एक मीटर खचून शेतांत खारे पाणी शिरले. समुद्रगवतावर जगणारी समुद्रगाय (ड्यूगाँग) क्वचितच दिसते. उत्तरेस दिगलीपूरजवळील कालीपूरच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले, म्हणजे कोकणातील तुपळी, व इतर कासवे अंडी घालतात. समुद्र सामान्यतः नोव्हेंबर ते एप्रिल या काळात प्रवासायोग्य असतो. वंडूरच्या खाडीत मगरींचा वावर असल्याने खारफुटीलगत पोहणे टाळावे.