कमरेला पिस्तूल, समोर पोलीस आणि पाठीशी वर्गणी : अमेरिकेतल्या एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

पहिल्यांदा बघितलं की आपला माणूस दचकतोच. पेनसिल्वेनियातल्या एका छोट्या गावात राहायला आलो त्याच आठवड्यात दूध-ब्रेड आणायला गेलो, तर रांगेत माझ्या पुढे पन्नाशीचा एक गृहस्थ, टीशर्ट नीट खोचलेला आणि उजव्या कमरेला काळ्या होल्स्टरमध्ये पिस्तूल, अगदी कुणालाही दिसेल असं. अंगावर गणवेश नाही, छातीवर बिल्ला नाही. काउंटरवरची मुलगी त्याला बर्फ कधी पडणार वगैरे विचारत होती आणि मी मागे दुधाचा कॅन धरून नुसता त्या होल्स्टरकडे बघत उभा. आपल्याकडे कमरेला पिस्तूल म्हणजे पोलीस किंवा पुढाऱ्याचा बॉडीगार्ड, तिसरा कुणी दिसला तर लोक रस्ता बदलतात. इथे निम्म्याहून जास्त राज्यांत हे बिनापरवान्याचं चालतं आणि पेनसिल्वेनियात तर फिलाडेल्फिया शहर सोडलं तर पायी फिरताना उघड पिस्तूल लावायला कागदच लागत नाही. कायदा इतका सरळ आहे तर मग पोलीस आणि ही मंडळी यांची एवढी भांडणं का होतात, आणि कोर्टात गेल्यावर वकिलाचे पैसे कोण भरतं, हे दोन प्रश्न तेव्हापासून डोक्यात बसलेत आणि त्यांची उत्तरं शोधायला बरंच मागे जावं लागतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट उलटी करून घ्यायला लागते. आज आपल्याला वाटतं की लपवलेलं पिस्तूल सभ्य आणि दाखवलेलं म्हणजे दादागिरी. एकोणिसाव्या शतकात तिथे बरोब्बर उलटं होतं. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच कोटाखाली हत्यार लपवण्यावर बंदी आणली, कारण लपवतो तो दगा देणारा, प्रामाणिक माणसाला लपवायचं काय कारण, असा तो हिशोब. १८४६ मध्ये जॉर्जियाच्या सुप्रीम कोर्टाने नन विरुद्ध जॉर्जिया राज्य या खटल्यात हेच कायद्याच्या भाषेत मांडलं, लपवण्यावर बंदी घाला पण उघड बाळगण्यावर घालाल तर ते घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीच्या विरुद्ध. ती दुरुस्ती १७९१ ची, शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी. आज उघड बंदूक लावून फिरणारे लोक हा १८४६ चा निकाल तोंडपाठ सांगतात, आपल्याकडे कुळकायद्याची कलमं सांगणारे म्हातारे असतात ना, तसे.

पण हा हक्क सगळ्यांचा नव्हता, हे सांगितल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली, आणि १८६५ मध्ये मिसिसिपीने लगेच कायदा केला की परवानगीशिवाय कृष्णवर्णीय माणसाने बंदूक ठेवायची नाही. म्हणजे कालपर्यंत जो हक्क स्वतंत्र माणसाची खूण म्हणून मिरवला जात होता तो नव्याने स्वतंत्र झालेल्या माणसाला मात्र नाही. माझं स्पष्ट मत आहे की या विषयावरची पुढची सगळी भांडणं या एका गोष्टीच्या सावलीत आहेत, कायद्यात काय लिहिलंय यापेक्षा कमरेला पिस्तूल कोणाच्या आहे यावर पोलीस कसा वागणार हे ठरत आलंय.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण १९६६-६७ चं. कॅलिफोर्नियात ओकलंडला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये ब्लॅक पँथर पार्टी ही कृष्णवर्णीयांची संघटना काढली. तेव्हा कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघडपणे नेणं कायदेशीर होतं आणि न्यूटनने कायदा नीट वाचलेला होता. मग पँथर लोक गाडीतून पोलिसांच्या मागे मागे जायचे, पोलिसांनी कुणाला थांबवलं की हे पण उतरायचे, ठराविक अंतर ठेवून बंदुका घेऊन उभे राहायचे, आणि ज्याला थांबवलंय त्याला मोठ्याने त्याचे हक्क वाचून दाखवायचे. एका हातात कायद्याचं पुस्तक आणि दुसऱ्या हातात शॉटगन. आणि या शॉटगनसाठी पैसे कुठून आले माहितीये? माओच्या वचनांची ती छोटी लाल पुस्तकं स्वस्तात घ्यायची आणि बर्कलीच्या विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांना चढ्या भावाने विकायची, त्यातून. आजच्या बंदूकवाल्यांना हा धागा आपला वाटणार नाही, पण बंदूक आणि पोलीस आणि लोकांकडून गोळा केलेला पैसा हे तिन्ही इथेही एकत्रच होते.

पुढे काय झालं ते प्रसिद्धच आहे. डॉन मलफर्ड नावाच्या आमदाराने भरलेली बंदूक उघड नेण्यावर बंदीचं विधेयक आणलं, त्याचा निषेध करायला २ मे १९६७ ला पँथर बंदुका घेऊन थेट सॅक्रॅमेंटोच्या विधानभवनात घुसले, आणि जुलैमध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी सही केली. पुढे बंदूकवाल्यांचे लाडके राष्ट्राध्यक्ष झाले तेच रेगन. बंदूकवाले हा इतिहास फारसा सांगत नाहीत, तो सांगायला हवा असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्याच वर्षी, १९६८ मध्ये, देशाच्या सुप्रीम कोर्टाचा टेरी विरुद्ध ओहायो हा निकाल आला आणि रस्त्यावरच्या पोलिसाला एक नवं हत्यार मिळालं. अटक करण्याइतका पुरावा नसला तरी या माणसाचा काहीतरी गुन्ह्याचा बेत आहे असा वाजवी संशय असेल, आणि तो नुसत्या अंदाजावर नाही तर सांगता येतील अशा गोष्टींवर उभा असेल, तर पोलीस त्याला थोडा वेळ अडवू शकतो, आणि त्याच्याकडे हत्यार असून धोका आहे असं वाटलं तर वरवर चाचपून झडती घेऊ शकतो. आता सगळी गोम इथेच आहे. टेरीमध्ये हत्यार म्हणजे धोका. पण ज्या राज्यात हत्यार उघड लावणं गुन्हाच नाही तिथे नुसतं होल्स्टर दिसलं म्हणून संशय कसा धरायचा? २००० साली फ्लोरिडाच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की निनावी फोन आला, अमक्याकडे बंदूक आहे, एवढ्यावर झडती चालणार नाही. पण वरच्या कोर्टाचा निकाल गावातल्या रात्रपाळीच्या पोलिसापर्यंत पोचायला किती वर्षं लागतात ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

मधल्या काळात गंमत अशी झाली की १९८७ पासून फ्लोरिडाच्या मागोमाग एकेक राज्य लपवून बाळगायचे परवाने सढळ हाताने द्यायला लागलं. फ्लोरिडाने तर त्याच वर्षी उघड बाळगण्यावर बंदी घातली. लोक लपवायला शिकले, उघड बाळगायचा हक्क बऱ्याच ठिकाणी पुस्तकात तसाच राहिला आणि सगळे तो विसरून गेले. पोलीस पण. आणि मग इंटरनेट आलं. २००३-०४ च्या सुमाराला ओहायोत आणि व्हर्जिनियात लोक ठरवून एकत्र यायला लागले, ओहायोत पिस्तुलं लावून मोर्चे, व्हर्जिनियात हॉटेलात कमरेला पिस्तूल लावून जेवणं. हेतू हाच की लोकांना सवय व्हावी. मग कुणीतरी ९११ ला, म्हणजे तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन करायचं, पोलीस यायचे, आणि पुढचा संवाद जवळजवळ पाठ केल्यासारखा. ओळखपत्र दाखव. मला अडवून ठेवलंय का, की मी जाऊ शकतो? ओळखपत्र दाखव आधी. कोणत्या गुन्ह्याचा संशय आहे? दरम्यान एक पोलीस पिस्तूल काढून घेतो, मॅगझीन काढतो, चेंबरमधली गोळी काढतो, आणि सिरियल नंबर वायरलेसवर वाचून चोरीचं आहे का विचारतो.

टोलिडो शहरातली २०१० ची गोष्ट मला सगळ्यात जास्त लक्षात राहिली. एक माणूस बायको, मुलगी, नातू आणि कुत्र्याला घेऊन संध्याकाळी फिरायला निघालाय, कमरेला पिस्तूल. बाजूने जाणारा मोटरसायकलवाला थांबून ओरडला की असं पिस्तूल लावून फिरता येत नाही, तर बायकोनेच त्याला ठणकावलं की येतं. त्याने फोन केला, पोलीस आला, पिस्तूल काढून घेतलं, बेड्या घातल्या आणि आजोबाला अर्धा तास गाडीत बसवलं. नातवासमोर! गुन्हा काहीच निघाला नाही. त्या माणसाने दावा लावला आणि २०१५ मध्ये सहाव्या सर्किटच्या, म्हणजे ओहायो ज्या विभागात येतं तिथल्या, फेडरल अपील कोर्टाने सांगितलं की ओहायोने नागरिकांवर विश्वास टाकायचं ठरवलंय, पोलिसांना ते अवघड वाटत असलं तरी तो निर्णय त्यांना मानावा लागेल. फिरायला गेलेल्या एका संध्याकाळची पाच वर्षं झाली.

२०११ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियात याहून वाईट घडलं. पंचविशीतला एक तरुण, परवाना असलेला, पिस्तूल उघड लावून चाललेला, आणि एका सार्जंटने थेट त्याच्यावर पिस्तूल रोखलं. त्याच्या खिशात रेकॉर्डर चालू होता. तो गुडघ्यावर बसून सांगतोय की परवान्यावर हे कायदेशीर आहे, खिशात परवाना आहे, आणि समोरून शिव्या येतायत. पोलिसांना आदल्याच वर्षी लेखी सूचना गेलेली होती की परवानाधारकाला हे चालतं, पण त्या रस्त्यावर ती कुणाला माहीत नव्हती. त्या दिवशी सोडलं, पण रेकॉर्डिंग यूट्यूबवर गेल्यावर मात्र त्याच्यावर गुन्हे दाखल झाले, ते कोर्टात टिकले नाहीत आणि शेवटी शहराला भरपाई देऊन मिटवावं लागलं. टेक्सासमध्ये २०१३ ला टेंपल गावाजवळ लष्करातले सार्जंट सी. जे. ग्रिशम मुलाबरोबर स्काउटच्या बॅजसाठी पायी चालले होते, गळ्यात रायफल, ती काढून घ्यायला पोलिसाने हात घातला आणि झटापट झाली. त्यांना किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरवून दंड झाला. त्यातूनच ओपन कॅरी टेक्सास ही संघटना उभी राहिली, आणि जानेवारी २०१६ पासून टेक्सासने परवानाधारकांना पिस्तूल उघड लावायची मुभा दिली, जी तिथे १८७१ पासून नव्हती.

आता पैशाचं. अमेरिकेत वकील तासावर पैसे घेतो आणि असा एक खटला सामान्य माणसाचं घर विकायला लावू शकतो. म्हणून वर्गणी. राष्ट्रीय पातळीवर नॅशनल रायफल असोसिएशन १८७१ पासून आहे, १९९२ पासून तिची गावोगावची जेवणं असतात, तिकीट काढून जेवायचं, लिलाव, सोडत, आणि जमलेल्या पैशातला वाटा त्याच राज्यात खर्च होतो. सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन १९७४ पासून कोर्टातल्या केसेस लढवते. मग विम्यासारख्या स्कीम आल्या, महिन्याला ठराविक पैसे भरा, बंदुकीवरून केस झाली तर वकील आम्ही बघू.

पण मला खरी वाटते ती गल्लीतली वर्गणी. पेनसिल्वेनियात बहुतेक गावांचं अग्निशामक दल स्वयंसेवकांचं असतं, बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात १७३६ मध्ये सुरू केलेली ही परंपरा, आणि बंब, होस (पाण्याचा पाइप), डिझेल यांचे पैसे बरेचदा बंदुकीच्या सोडतीतून येतात. शेजारच्यांनी मला एक तिकीट विकलं तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. कॅलेंडरसारखा कागद, महिन्याच्या प्रत्येक तारखेखाली एका बंदुकीचं नाव, तिकिटावर ००० ते ९९९ मधला एक आकडा, आणि रोज संध्याकाळी राज्य लॉटरीचा जो तीन आकडी नंबर निघेल तो ज्याचा त्याला त्या दिवशीची बंदूक. म्हणजे सोडतीत कुणी फसवलं असं म्हणायलाच जागा नाही, आकडा सरकार काढतं. जिंकलं तरी बंदूक हातात मिळत नाही, लायसन्सवाल्या डीलरकडे जाऊन फॉर्म भरायचा, फेडरल तपासणी पास व्हायची, मग मिळते. याच पद्धतीने कुणाच्या ऑपरेशनसाठी पैसे जमवतात, आणि कुणी गाववाला पोलीस केसमध्ये अडकला तर वकिलासाठी पण. आपल्या गणपतीच्या पावतीपुस्तकाची मला हटकून आठवण आली.

पण ही वर्गणी, हा आवाज, सगळ्यांसाठी सारखा उठत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये ओहायोत, जिथे उघड बाळगणं कायदेशीर आहे, वॉलमार्टमध्ये दुकानातलीच छर्ऱ्याची बंदूक हातात घेऊन फोनवर बोलत असलेल्या जॉन क्रॉफर्ड या कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसांनी गोळ्या घातल्या. ६ जुलै २०१६ ला मिनेसोटात फिलँडो कॅस्टील, शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करणारा, परवानाधारक, पोलिसाने गाडी थांबवल्यावर त्याने स्वतःहून शांतपणे सांगितलं की माझ्याकडे बंदूक आहे, आणि काही सेकंदांत तो गोळ्या लागून पडला, गाडीत मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी होती. पोलीस निर्दोष सुटला. दुसऱ्याच दिवशी डॅलसमध्ये मोर्चाच्या बंदोबस्ताला असलेल्या पोलिसांवर हल्ला झाला, पाच पोलीस मारले गेले, आणि कायदेशीरपणे रायफल घेऊन मोर्चात आलेल्या एका कृष्णवर्णीय माणसाचा फोटो पोलिसांनी संशयित म्हणून ट्विटरवर टाकला, तो निर्दोष होता. मोठ्या संघटना कॅस्टीलबद्दल किती वेळ गप्प बसल्या हे कृष्णवर्णीय बंदूकधारक विसरलेले नाहीत. २०१५ मध्ये अटलांटात सुरू झालेली नॅशनल आफ्रिकन अमेरिकन गन असोसिएशन यानंतर झपाट्याने वाढली, त्याला हे कारण आहे.

कोर्टं मात्र हळूहळू एका दिशेने चालली आहेत. २०१९ मध्ये हिक्स खटल्यात पेनसिल्वेनियाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसती बंदूक आहे म्हणून अडवता येणार नाही, कारण बघून परवाना आहे की नाही कळत नाही. २०२२ मध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टाच्या ब्रूएन निकालाने घराबाहेर बंदूक नेण्याचा हक्क देशभर मान्य झाला. फ्लोरिडात इतकी वर्षं उघड बाळगायला मासे पकडताना सूट होती म्हणून लोक गळ आणि पिस्तूल दोन्ही घेऊन धक्क्यावर जमायचे, २०१८ मध्ये मायामी बीचच्या धक्क्यावर अशा मंडळींवर पोलिसांनी पिस्तुलं रोखली आणि तेही प्रकरण कोर्टात गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने ती १९८७ ची बंदीच रद्द केली. आणि त्याच वर्षी जूनमध्ये पेनसिल्वेनियाच्या सुपीरियर कोर्टाने म्हटलं की फक्त फिलाडेल्फियात उघड बाळगायला परवाना लागतो हा वेगळा न्याय आहे. राज्यात कृष्णवर्णीयांची सगळ्यात मोठी वस्ती त्याच शहरात आहे.

मी घेतलेलं ते तिकीट अजून फ्रिजवर मॅग्नेटने लावलेलं आहे, आकडा ४१७. लागला नाही. त्या महिन्यात आमच्या फायर हॉलचा नवा होस मात्र आला.