वाट करून दिली, ताब्याचं काय? गुदद्वाराविना जन्मलेल्या मुलांच्या उपचारांची पार्श्वभूमी

साधारण ५,००० जन्मांमागे एका बाळाला शीची जागा नसते, किंवा असते ती भलत्याच ठिकाणी. मोठं आतडं खाली उतरता उतरता मध्येच थांबतं. मुलग्यात ते बहुतेकदा मूत्रमार्गाला जाऊन मिळतं, मुलीत योनिमार्गाच्या तोंडाशी उघडतं. डॉक्टर याला एनोरेक्टल मालफॉर्मेशन म्हणतात. बाळ जगावं म्हणून वाट करून द्यायची, हा उपचाराचा पहिला भाग बराच जुना आहे. ते मूल शाळेत जायला लागल्यावर शी धरून ठेवू शकेल का, हा प्रश्न मात्र नीट विचारला गेला तो गेल्या काही दशकांतच.

जुन्या काळी उपाय एकच होता. दुसऱ्या शतकातला सोरेनस आणि सातव्या शतकातला एजिनाचा पॉलस हे ग्रीक वैद्य सांगतात, की पातळ पडदा असेल तर तो बोटाने किंवा सुरीच्या टोकाने फोडावा. आपल्याकडे लगेच सुश्रुताचं नाव निघतं. त्याने वर्णन केलेला ‘सन्निरुद्धगुद’ हा मात्र शीचा वेग दाबून ठेवल्यामुळे पुढे होणारा विकार आहे, जन्मजात दोष नव्हे. अरुंद झालेला मार्ग तूप लावलेल्या, क्रमाक्रमाने जाड होत जाणाऱ्या नळ्यांनी रुंदावण्याची त्याची पद्धत मात्र आजच्या आईबापांना ओळखीची वाटेल. शस्त्रक्रियेनंतर घरी नेऊन वापरायच्या डायलेटरचं तत्त्व तेच आहे.

पडदा जाड असेल, आतडं उंचावर अडकलं असेल, तर मूल दगावत असे. १७१० मध्ये अलेक्सिस लित्र या फ्रेंच डॉक्टरने अशाच एका मृत बाळाचं शवविच्छेदन करून सुचवलं, की आतडं पोटाच्या कातडीवर आणून उघडता येईल. हे प्रत्यक्षात यशस्वी व्हायला १७९३ उजाडलं. ब्रेस्त शहरात द्युरे या सर्जनने आधी एका मृत बाळावर हात बसवून घेतला आणि मग तीन दिवसांच्या बाळाला पोटावर वाट करून दिली. ते मूल पंचेचाळीस वर्षं जगलं. शीवर ताबा त्याला कधीच नव्हता, आणि त्या काळात तशी कुणी अपेक्षाही केली नसती.

१८३५ मध्ये आम्युसा या सर्जनने पॅरिसमध्ये आतडं खाली ओढून त्याच्या कडा कातडीला टाके घालून शिवल्या. नुसती चीर दिली की ती आक्रसून बुजायची, शिवल्यावर ती टिकू लागली. पुढची शंभर वर्षं याच मार्गावर गेली. १९३० मध्ये वँगेनस्टीन आणि राइस यांनी बाळाला उलटं धरून एक्स-रे काढायची युक्ती काढली. हवा वर चढते, त्यामुळे आतडं कुठवर आलं आहे ते दिसतं. १९४८ पासून पोटातून आणि खालून अशी एकाच वेळी दोन्हीकडून शस्त्रक्रिया होऊ लागली. मुलं जगू लागली, मोठी होऊ लागली, आणि मग खरी अडचण दिसली. चड्डी सतत खराब होत होती.

या अडचणीकडे शरीररचनेच्या अंगाने पाहिलं मेलबर्नच्या डग्लस स्टीफन्स यांनी. दगावलेल्या बाळांची बारकाईने विच्छेदनं करून १९५३ च्या सुमारास त्यांनी मांडलं, की आतड्याला मागून वेढणारी प्युबोरेक्टॅलिस ही स्नायूची पट्टी ताब्याची किल्ली आहे आणि आतडं तिच्या आतूनच खाली आणलं पाहिजे. त्यांनी माकडहाडाजवळून चीर घ्यायला सुरुवात केली. तरी आतला बराच भाग अंदाजाने, बोटाने चाचपूनच करावा लागे.

तो अंदाज संपवला मेक्सिको सिटीच्या अल्बर्टो पेन्या यांनी. मागची चीर ते वाढवत गेले आणि १० ऑगस्ट १९८० रोजी त्यांनी अगदी मध्यरेषेवरून सगळं उघडून शस्त्रक्रिया केली. मज्जातंतू मध्यरेषा ओलांडत नाहीत, म्हणून तिथून कापलं तर नुकसान कमी. स्नायू कुठे आहेत हे विजेचा सौम्य झटका देऊन, ते आकसताना डोळ्यांनी पाहून ठरवायचं. १९८२ मध्ये द व्रीस यांच्यासोबत त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. पीसार्प या इंग्रजी आद्याक्षरांच्या नावाने ती जगभर गेली आणि भारतातल्या बालशल्यचिकित्सकांच्या हातीही रुळली. २००० मध्ये जॉर्जसन यांनी उंचावरच्या दोषांसाठी दुर्बिणीची जोड दिली.

एवढं होऊनही सगळी मुलं स्वच्छ राहिली नाहीत. पेन्यांच्याच रुग्णांत सुमारे तीन चतुर्थांश मुलांना आपणहून शी करता येत होती, आणि त्यांतल्याही निम्म्यांच्या चड्डीला अधूनमधून डाग लागत. उरलेल्या एक चतुर्थांशांना ताबाच नव्हता. माझ्या मते या इतिहासातला महत्त्वाचा क्षण १९८० चा नाही, तो यानंतरचा आहे. शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी काही मुलांना ताबा येणार नाही, हे सर्जनांनी मान्य केलं आणि ‘मग निदान चड्डी स्वच्छ कशी ठेवायची’ हा वेगळा प्रश्न म्हणून हाती घेतला.

ताबा येत नाही याची कारणं तीन. स्नायू दुबळे असतात. गुदमार्गाचं नाजूक अस्तर जन्मतःच नसतं, म्हणून वायू आहे, पातळ आहे की घट्ट, हे मुलाला आतून कळत नाही. आणि आतड्याची चाल बिघडलेली असते. माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी हे हाड नीट वाढलेलं नसेल तर मज्जातंतूही कमी पडतात. म्हणूनच १९९० च्या दशकात एक्स-रेवर त्या हाडाचं प्रमाण मोजून आईबापांना आधीच अंदाज देण्याची पद्धत आली.

तिसरं कारण, म्हणजे आतड्याची चाल, मात्र हाताळता येतं, आणि त्यासाठीचं साधन कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात असतं: एनिमा. मोठं आतडं रोज ठरलेल्या वेळी पूर्ण रिकामं केलं, तर पुढचे चोवीस तास त्यातून काही बाहेर येत नाही. पण सगळ्यांना एकच माप चालत नाही. ज्यांचं आतडं संथ चालतं त्यांना मोठा एनिमा लागतो आणि तेवढा पुरतो. ज्यांच्या आतड्याचा खालचा साठवणीचा भाग आधीच्या शस्त्रक्रियेत गेला आहे, त्यांची चाल भरधाव असते. त्यांना छोटा एनिमा, सोबत भात-केळ्यासारखा बांधणारा आहार आणि चाल मंदावणारं औषध. पेन्यांच्या पद्धतीत आठवडाभर रोज पोटाचा एक्स-रे काढून माप जुळवतात. नव्वद टक्क्यांहून अधिक मुलं अशी स्वच्छ राहू शकतात.

एक गफलत इथे वारंवार होते. चड्डीला सतत पातळ लागतं म्हणून घरचे जुलाब समजून शी घट्ट करणारं काही देतात. प्रत्यक्षात आतडं खड्यांनी गच्च भरलेलं असतं आणि पातळ तेवढं कडेने झिरपत असतं. अशा मुलाला रेचक हवं असतं. नीट मात्रा मिळाली तर त्यांतल्या कित्येकांचा ताबा मुळात शाबूत असल्याचं दिसतं.

खालून एनिमा घेताना पाणी टिकत नाही, ही दुसरी अडचण. टोरांटोमध्ये शँडलिंग आणि गिल्मर यांनी १९८७ मध्ये पाठीच्या कण्याचा दोष असलेल्या मुलांसाठी फुगा असलेली नळी वापरली. फुगा आत फुगला की पाणी परतत नाही. फ्रान्सचे मित्रोफानॉफ यांनी १९८० मध्ये अपेंडिक्स वापरून मूत्राशयाला पोटावर वाट काढून दिली होती. या दोन कल्पना जोडून ब्रिटनच्या मलोन, रॅन्सली आणि कायली यांनी १९९० मध्ये अपेंडिक्स पोटावर उघडलं आणि एनिमा वरून खाली सोडला. बेंबीत लपवता येणाऱ्या त्या छिद्रातून दहा-बारा वर्षांचं मूल कमोडवर बसून स्वतःच नळी घालू शकतं. त्या वयाच्या मुलाला आईच्या हातून एनिमा नको वाटतो, हे वेगळं सांगायला नको. पोटाची दुसरी शस्त्रक्रिया करताना जाता जाता अपेंडिक्स काढून टाकायची जुनी सवयही यामुळे या मुलांच्या बाबतीत मोडली.

भारताचा स्वतःचा एक अवघड प्रकार यात आहे. उत्तर भारतात जास्त दिसणाऱ्या ‘पाउच कोलन’मध्ये मोठं आतडं आखूड होऊन पिशवीसारखं फुगलेलं असतं. २००५ च्या क्रिकनबेक या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याला दुर्मीळ प्रकारांत जागा मिळाली. या मुलांना साठवणीलाच आतडं अपुरं पडतं, त्यामुळे एनिम्याचं गणित बसवणं कठीण जातं.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाड्या आणि शाळांमधून पथकं मुलं तपासू लागली. त्याच्या मूळ यादीतल्या नऊ जन्मजात दोषांत दुभंगलेला ओठ आहे, वाकडा पाय आहे, हृदयाचे दोष आहेत. गुदद्वाराचा हा दोष नाही. जन्मतःच लक्षात येतो आणि शस्त्रक्रिया होऊन जाते, म्हणून तो सुटला असेल. पण वर्गात वास येतो म्हणून मागच्या बाकावर बसवलेलं मूल शस्त्रक्रिया झालेलंच असतं.