स्थूलता : कारणमीमांसा

शरीरात आरोग्यास अपायकारक ठरेल इतका मेद साठण्याच्या अवस्थेस स्थूलता किंवा लठ्ठपणा म्हणतात. आहारातून मिळणारी ऊर्जा दीर्घकाळ खर्चाहून जास्त राहिली की मेद साठतो, हे सर्वमान्य आहे. मतभेद आहेत ते हा असमतोल ठरावीक व्यक्तींत व समाजांतच अधिक का आढळतो याविषयी.

चरकसंहितेच्या (काळ अनिश्चित, साधारणतः इ. स. च्या प्रारंभाच्या आसपासचा मानतात) सूत्रस्थानात अतिभोजन, मधुर व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप आणि ‘बीजस्वभाव’ (आईवडिलांच्या बीजातून आलेली प्रवृत्ती) ही अतिस्थूलतेची कारणे दिली आहेत. यांपैकी शेवटच्या कारणाची आधुनिक आनुवंशिकीशी सांगड जपूनच घालावी.

भूक आवरणाऱ्या लेप्टिन या हॉर्मोनच्या जनुकाचा शोध १९९४ मध्ये लागला. परंतु त्यातील दोषामुळे येणारी स्थूलता अत्यंत विरळ आहे. सर्वसामान्य स्थूलतेत अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. दुष्काळात तगून राहण्यास उपयुक्त ‘काटकसरी’ जनुके सुकाळात घातक ठरतात, ही उपपत्ती अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञ जेम्स नील यांनी १९६२ मध्ये मधुमेहासंदर्भात मांडली. पुढे ती स्थूलतेलाही लावण्यात आली. ब्रिटिश संशोधक सी. निकोलस हेल्स व डेव्हिड बार्कर यांनी १९९२ मध्ये जनुकांऐवजी गर्भावस्थेतील कुपोषणावर भर दिला. भारतीय पुरावा या दुसऱ्या मताकडे अधिक झुकतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांना पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात अर्भके इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांहून बरीच हलकी (सरासरी २.७ किग्रॅ.; तेथे ३.५ किग्रॅ.) आढळली. मात्र त्यांचे स्नायू व पोटातील अवयव जितके लहान होते, तितकी त्वचेखालची चरबी कमी नव्हती. प्रौढांतही हेच दिसते. २००४ मध्ये याज्ञिक व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली : दोघांचा देहभार निर्देशांक (किलोग्रॅममधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग; इं. बीएमआय) २२.३, शरीरातील मेद मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के व याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. भारतीयांसाठी निर्देशांकाची मर्यादा खाली आणून २३ पासून अतिवजन व २५ पासून स्थूलता धरण्याची शिफारस २००९ मध्ये झाली, ती अशा निरीक्षणांमुळेच.

सामाजिक कारणांत बैठे काम, वाहनांचा वापर, स्वस्त तेल-साखर, तयार खाद्यपदार्थ व अपुरी झोप यांचा उल्लेख होतो. श्रीमंत देशांत स्थूलता, विशेषतः स्त्रियांमध्ये, गरीब वर्गात अधिक आढळते. भारतात अद्याप ती सुस्थितीतील व शहरी वर्गात जास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) निर्देशांक २५ वा अधिक असलेल्या स्त्रिया शहरांत सुमारे ३३ टक्के, तर ग्रामीण भागात सुमारे २० टक्के होत्या.